मधल्या मजल्यावरची खोली

ज्या माणसाने आयुष्याची चौतीस वर्षे सरकारी कोषागारात दुसऱ्यांची बिले तपासण्यात घालवली, आणि अमुक रक्कम नेमकी कशाबद्दल दिली याचा स्पष्ट खुलासा असल्यावाचून एकाही कागदावर कधी सही केली नाही, त्याच माणसाने सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या गाठीची मोठी रक्कम, ती आपण कशाबद्दल देत आहो हे न विचारता, एका पर्यटन कचेरीत मोजून द्यावी, ही गोष्ट मला अजून बोचते. रक्कम गेली याचे दुःख काळाच्या ओघात ओसरले; परंतु त्या रकमेने विकत घेतलेल्या खोलीत माझ्या पत्नीने ज्या दोन रात्री काढल्या, त्यांचे स्मरण अद्याप ताजे आहे. आता आमच्या मुकुंदवाडीतूनही माणसे क्रूझच्या सफरीला निघू लागली आहेत आणि कोणी ना कोणी येऊन ‘काका, खोली कोणती घ्यावी?’ असे विचारते. म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

वास्तविक जागेची पारख आम्हा मुकुंदवाडीकरांना कोणी शिकवावी असे नाही. एका अंगाला जालना रोडची अहोरात्र वाहतूक, दुसऱ्या अंगाला रेल्वेचे रूळ, आणि जवळच चिकलठाण्याचे विमानतळ, अशा परिसरात घर घेणारा मनुष्य दाराची दिशा पाहतो, रस्त्यापासूनचे अंतर पाहतो, डोक्यावर कोण राहणार आणि पायाखाली दुकान आहे की पिठाची गिरणी आहे याची चौकशी करतो. वरचा मजला दिसायला कितीही हवेशीर असला तरी वैशाखात स्लॅब तापला म्हणजे मध्यरात्रीपर्यंत अंथरुणाला पाठ टेकवत नाही, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. एस.टी.त चढल्यावर शेवटच्या बाकावर बसू नये, दोन चाकांच्या मधली जागा धरावी, हे तर आमच्या अंगवळणीच पडलेले. असे असूनही जहाजाच्या खोलीचा प्रश्न आला तेव्हा घर आणि एस.टी. यांनी दिलेले हे सारे शहाणपण मी घरीच ठेवून निघालो.

बेत ठरला तो मे महिन्याच्या उत्तरार्धात, नातीच्या सुटीच्या सोयीने: मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्रींची सफर. मी, माझी पत्नी, माझी थोरली बहीण आक्का आणि बारा वर्षांची नात, असे आम्ही चौघे. नाथसागरापलीकडे मोठे पाणी न पाहिलेल्या आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना समुद्रावर रात्र काढण्याचे केवढे अप्रूप वाटले असेल, ते सांगावयास नको. पर्यटन कचेरीतल्या तरुणाने दरपत्रक पुढे सरकवले. त्यात खोल्यांचे चार प्रकार होते: जहाजाच्या पोटातली बिनखिडकीची ‘इनसाइड’, बंद काचेच्या खिडकीची ‘ओशन व्ह्यू’, स्वतःचा सज्जा असलेली ‘बाल्कनी’, आणि बैठकीच्या जागेसह प्रशस्त ‘स्वीट’. शिवाय एकाच प्रकारात जसजसा मजला वर, तसतसा दर चढता. तरुण म्हणाला, “काका, दहाव्या डेकवर अगदी पुढच्या टोकाला बाल्कनी शिल्लक आहे. त्याहून चांगली जागा मिळणार नाही.” वरचे ते चांगले आणि महाग ते सुखाचे, ही समजूत माझ्या मनात इतकी दृढ होती की मी होकार देऊन बयाणा भरला. जहाजाचा नकाशा त्याच्या टेबलावरच्या काचेखाली होता. त्यावर माझी दृष्टी एकदाही गेली नाही.

आक्काची गोष्ट निराळी. तिचे सासर अलिबागकडचे. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ या दिवशी सहाशेंहून अधिक उतारूंसह बुडाली, तेव्हापासून त्या किनाऱ्यावरच्या घराघरांत तिचे नाव आवाज खाली करून घेतले जाते. आक्काच्या सासूबाईंनी मात्र बोटीने पुष्कळ प्रवास केलेला, आणि त्यांचा एक दंडक सुनेच्या कानावर कायमचा राहिला होता: बोटीत बसावे तर मध्ये बसावे, आणि जमेल तितके खाली बसावे. आक्का एवढेच म्हणाली, “मला खिडकी नको, पण खोली मधली बघ.” तिच्यासाठी आणि नातीसाठी मी चौथ्या मजल्यावर, जहाजाच्या बरोबर मध्यभागी, एक बिनखिडकीची खोली घेतली. आमच्या खोलीचा दर तिच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि थोरल्या बहिणीला अंधारकोठडीत ठेवून आपण सज्जात बसणार, या विचाराने मला मनातून शरमल्यासारखे होत होते.

रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने आम्ही मुंबई गाठली आणि दुपारी बॅलार्ड पिअरला जहाजावर चढलो. सज्जातून दिसलेली ती पहिली संध्याकाळ मी नाकारणार नाही. मुंबईची शिखरे मागे पडत गेली, जहाजाने दक्षिणेचा रोख धरला, आणि उजव्या हाताला सूर्य पाण्यात उतरला, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, पैशाचे चीज झाले.” चीज झाले ते तेवढ्या एका तासापुरते.

नऊच्या सुमारास जहाज उघड्या समुद्रात आले. पावसाळ्यापूर्वीच्या त्या दिवसांत अरबी समुद्रात नैर्ऋत्येकडून लाटांचे लांब लांब हेलकावे येऊ लागलेले असतात, आणि दक्षिणेकडे जाणारे जहाज त्यांना नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, घेते. प्रथम कपाटातले हँगर एकमेकांवर आपटू लागले. मग भिंतींची फळकुटे करकरू लागली. मेजावर पाण्याचा पेला होता. तो मेजाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत संथपणे सरकत जाई, क्षणभर थांबे आणि परत येई. मध्येच नाळ लाटेवर उतरली की धान्याने भरलेले पोते माडीवरून टाकावे तसा धपकन आवाज होई आणि पलंग खालून थरारे. पत्नीला बोट लागली. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत तिने न्हाणीघराचा उंबरा सोडला नाही. अशा स्थितीत निदान शांतता तरी असावी. परंतु आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर जहाजाचे नृत्यगृह होते, त्याचे ढोल दीडपर्यंत चालले, आणि नुकता कोठे डोळा लागतो तोच पाच वाजता वरच्या तक्तपोशीवर खुर्च्या ओढण्याची खरखर सुरू झाली.

सकाळी सहाला मी आक्काच्या खोलीचे दार ठोठावले. आक्का स्नान करून जपमाळ घेऊन बसली होती आणि नात गाढ झोपेत होती. “रात्र कशी गेली?” असे मी विचारता तिने उलट मलाच विचारले, “का? काय झाले?” तिच्या उशाशीही तसाच पाण्याचा पेला होता. त्यातले पाणी एका अंगाला किंचित कलत होते, एवढेच. पेला जागचा हलला नव्हता. हँगर निश्चल होते. आपल्याला खिडकी नसल्यामुळे पहाट झालेली कळली नाही आणि घड्याळ पाहावे लागले, एवढीच तिची तक्रार होती. दुसरी रात्र लाटा थोड्या नरमल्या तरी पत्नीला त्या टोकाच्या खोलीत चैन पडले नाही. तिसऱ्या रात्री ती आक्काच्या खोलीत निजली, नात माझ्याकडे आली. त्या निम्म्या दराच्या, बिनखिडकीच्या खोलीत तिला सफरीतली एकमेव झोप लाभली.

परत आल्यावर या गोष्टीचा कार्यकारणभाव शोधल्याखेरीज मला स्वस्थता वाटेना. तो अवघड नाही. जात्याच्या पाळूवर मध्याजवळ ठेवलेला दाणा लहानसा फेरा करतो आणि कडेचा दाणा तेवढ्याच वेळात मोठा फेरा करतो, जहाजाचेही तसेच. लाटेवर ते पुढून मागे डुलते तेव्हा मध्यभाग जवळजवळ जागेवर राहतो आणि दोन्ही टोके वरखाली होतात. ते डावी-उजवीकडे कलते तेव्हा तळाजवळचे मजले थोडे आणि माथ्याचे मजले फार सरकतात. हिशेब करून पाहा. २०० मीटर लांबीचे जहाज नुसत्या १ अंशाने पुढे झुकले, तरी मध्यापासून ९० मीटरांवरची खोली सुमारे ५ फूट खाली जाते, आणि लगेच तितकीच वर येते. ही चढउतार दर काही सेकंदांनी, रात्रभर. ३ अंशांच्या कलण्यात डुलण्याच्या अक्षापासून २५ मीटर उंचीवरची खोली ४ फुटांहून अधिक बाजूला सरकते. ४ मीटर उंचीवरची जेमतेम ८ इंच. आधुनिक जहाजांना पाण्याखाली माशाच्या परांसारखी स्थिरकारक पाती असतात. ती कलणे पुष्कळ कमी करतात, परंतु पुढून मागे डुलणे त्यांना आवरत नाही. आमची खोली अगदी पुढे आणि पुष्कळ वर होती. म्हणजे दोन्ही दोष आम्ही जादा दर देऊन एकत्र विकत घेतले होते.

मग दर जास्त कशाचा? या प्रश्नाचे उत्तर हेच या लेखाचे सार आहे. जहाजावरील खोलीचा दर मुख्यतः तीन गोष्टींचा असतो: दृश्याचा, क्षेत्रफळाचा आणि उंचीच्या मानाचा. झोपेचा दर त्यात कोठेही धरलेला नसतो. जुन्या काळी विलायतेच्या बोटींवरही जागेचा विचार होताच. आपल्याकडेही रुळलेल्या ‘पॉश’ या शब्दाबद्दल अशी कथा सांगतात की हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू उन्हापासून बचावलेली असे, म्हणून त्या बाजूंच्या महाग खोल्यांच्या इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांवरून तो शब्द निघाला. कोशकारांना या कथेला पुरावा सापडलेला नाही. तथापि तिच्यातला व्यवहार खरा आहे. खोलीचे सुख तिच्या शोभेवर अवलंबून नसून ती जहाजाच्या कोणत्या अंगाला आहे यावर अवलंबून असते.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नकाशाची. प्रत्येक जहाजाचा मजलेवार नकाशा, ज्याला ‘डेक प्लॅन’ म्हणतात, तो उपलब्ध असतो. तो मागून घ्यावा, आपल्या खोलीच्या क्रमांकावर बोट ठेवावे, आणि वरच्या व खालच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे ते पाहावे. वर नृत्यगृह, जलतरण तलाव किंवा उपाहारगृह असेल तर रात्री संगीत आणि पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज ठरलेला. खाली नाट्यगृह असेल तर खेळ संपेपर्यंत झोप नाही. शेजारी भटारखाना असेल तर ढकलगाड्या पहाटेपासून फिरतात. वर खोल्या, खाली खोल्या आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी जागा सर्वांत शांत. लिफ्टच्या अगदी समोरची खोली टाळावी. मात्र गुडघेदुखीच्या माणसाला फार दूरचीही देऊ नये, कारण जहाजाच्या बोळाची लांबी चालल्यावरच कळते. दोन खोल्यांमध्ये जोडदार असेल तर एका कुटुंबाला ते सोयीचे, पण पलीकडे परके असल्यास त्यातून प्रत्येक शब्द ऐकू येतो.

दुसरी गोष्ट टोकांची. नाळेकडच्या खालच्या खोल्यांना लाटांचा आघात आणि बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा खडखडाट सोसावा लागतो. पिछाडीकडच्या खोल्यांना मळसूत्राचा थरार जाणवतो. पिछाडीच्या सज्जातून मागे पसरत जाणारी पाण्याची वाट दिसते, ते दृश्य काहींना इतके प्रिय असते की थरार सोसूनही ते तीच खोली मागतात; त्यांनी ती जरूर घ्यावी, फक्त जाणून घ्यावी. ज्यांना गाडी लागते, घाटात ज्यांचे डोके फिरते, त्यांनी मात्र मध्यभाग आणि खालचे मजले सोडून दुसरीकडे जाऊ नये. खालच्या मजल्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. उतारूंच्या खोल्या सामान्यतः पाण्याच्या पातळीच्या वरच असतात, आणि संकटकाळी कोठे जमावयाचे ते आपल्या खोलीच्या दाराशी लिहिलेले असते. निघण्यापूर्वी किंवा निघताच उतारूंची कवायत घेतात, तिला कंटाळा न करता हजर राहावे.

तिसरी गोष्ट खिडकीची. ‘ओशन व्ह्यू’ हे शब्द वाचून दृश्य गृहीत धरू नये. जीवरक्षक होड्या ज्या मजल्यांच्या बाहेर टांगलेल्या असतात, तेथील काही खिडक्यांतून समुद्राऐवजी होडीची पाठ दिसते. अशा खोल्यांचा दर कमी असतो आणि दरपत्रकात ‘दृश्यास अडथळा’ अशा अर्थाची नोंद असते, परंतु ती बारीक अक्षरांत. ज्याला उजेडच पाहिजे, त्याला ही खोली काटकसरीची. ज्याला समुद्र पाहिजे, त्याची निराशा. बिनखिडकीच्या खोलीत पूर्ण काळोख असतो. वृद्ध माणसांना रात्री उठावे लागते, म्हणून न्हाणीघराचा दिवा लावून दार किंचित उघडे ठेवावे. आक्काने तसेच केले होते. सज्जा घ्यावयाचा असेल तर दिशेचाही विचार करावा: मुंबईहून गोव्याकडे जाताना सूर्यास्त उजव्या अंगाला, आणि परतीच्या वाटेवर डाव्या अंगाला.

चौथी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती माझ्या पेशाची असल्याने मी ती आग्रहाने सांगतो. जाहिरातीतला दर बहुधा माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघे राहतील हे धरून. एकट्या उतारूला दुसऱ्याचा पुष्कळसा भार उचलावा लागतो, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाला, जे भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या शय्येवर निजतात, सवलत मिळते. बंदरशुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी निराळे असतात. एकूण रक्कम एका ओळीत लिहून मागावी. ‘गॅरंटी’ या नावाची स्वस्त तजवीज असते, तिच्यात खोलीचा प्रकार निश्चित, पण क्रमांक कंपनीच्या मर्जीवर. तरुणांनी ती खुशाल घ्यावी. ज्यांच्याबरोबर आजारी किंवा वृद्ध माणूस आहे त्यांनी घेऊ नये. त्याचप्रमाणे, कंपनी कधी कधी विनामूल्य वरच्या दर्जाची खोली देऊ करते. ती मध्यातून टोकाला नेणारी असेल तर नम्रपणे नाकारावी, आणि ‘माझ्या संमतीशिवाय खोली बदलू नये’ असे अर्जातच नमूद करावे.

याखेरीज ऋतूचा विचार सर्वांच्या आधी. कोकण किनाऱ्यावरच्या उतारू बोटी पावसाळ्यात बंद ठेवीत, त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अरबी समुद्राच्या शांततेचा. त्या महिन्यांत टोकाची खोलीही सुसह्य होते. मेच्या अखेरीस निघावयाचे असेल तर खोलीची निवड दुप्पट काळजीने करावी. एवढे करूनही बोट लागलीच, तर खोलीत पडून राहू नये. डोळ्यांना चार भिंती स्थिर दिसतात आणि कानातले तोलाचे इंद्रिय हालचाल सांगते. या विसंवादानेच मळमळ होते. जहाजाच्या मध्यावरच्या उघड्या डेकवर जाऊन क्षितिजावर नजर ठेवावी, हलके खावे, आणि डॉक्टरांना आधी विचारून औषध त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावे.

गेल्या काही वर्षांत समुद्रपर्यटन मराठी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले, आणि कान्होजी आंग्र्यांची आठवण देणाऱ्या त्या नावाने किती घरांत उत्साह संचारला होता ते मी पाहिले आहे. त्या जहाजावरही सामाईक शयनगृहापासून जोडप्याच्या खोलीपर्यंत दर्जे होते. दर्जे असणारच; ज्याची जितकी ऐपत, तितका त्याचा खर्च. माझे सांगणे इतकेच आहे की पैसा दर्जावर खर्च करण्यापूर्वी तो जागेवर खर्च करावा. स्वतः दृश्याच्या मोहात पडून सोबतच्या माणसाची झोप गमावू नये. आयुष्यभर आपल्या संसाराचा भार वाहिलेली माणसे आपण एकदाच समुद्रावर नेतो, आणि त्यांना तेथे परत नेण्याची संधी सर्वांना मिळतेच असे नाही.

माझ्या पत्नीने पुन्हा जहाजावर पाऊल ठेवावयास नकार दिला होता. येत्या डिसेंबरात मात्र आम्ही चौघे परत निघत आहो. या खेपेस नकाशा स्वयंपाकघरातल्या मेजावर पसरला, आक्काने चष्मा लावून बोट ठेवले, आणि दोन खोल्या ठरल्या: दोन्ही पाचव्या मजल्यावर, दोन्ही मध्यात, वर खोल्या, खाली खोल्या. आपणही निघण्याचा विचार करीत असाल तर बयाणा भरण्यापूर्वी नकाशा मागा, आणि जो दाखवणार नाही त्याच्याकडे पैसे भरू नका.